रात्रीचा श्वास आणि बोटावरचा आकडा
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक सभेतील भाषणाचा मजकूर)



तीर्थयात्रेला निघालेल्या बसमध्ये आणि धर्मशाळेच्या दालनात एक दृश्य हमखास दिसते. मंडळींमध्ये जे कोणी मोठ्याने घोरणारे असतात, त्यांचे अंथरूण हसत-हसत व्हरांड्यात नेऊन टाकले जाते. सकाळी चहाच्या वेळी त्या घोरण्याच्या नकला होतात. ज्यांची थट्टा होते, तेही हसण्यात सामील होतात. परंतु त्या आवाजाच्या मध्येच जी शांतता पसरते, दहा, वीस, कधी तीस सेकंदांची, तिची मोजदाद कोणी करीत नाही. वस्तुतः काळजी करण्याजोगी गोष्ट तो आवाज नसून ती शांतता आहे. ‘घोरतात म्हणजे झोप गाढ लागली’ हा आपल्या घरोघरी रूढ असलेला समज पुष्कळदा सत्याच्या अगदी उलट असतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो. काहींच्या बाबतीत तो पूर्णपणे मिटतो. छाती व पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. श्वास किमान दहा सेकंद थांबला, तर वैद्यक त्यास ‘ॲप्निया’ म्हणते. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू घाबरून झोपणाऱ्यास क्षणभर जागे करतो, मोठा घोरका येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातले काहीही आठवत नाही. तासाला असे पाचपर्यंत प्रसंग सामान्य मानले जातात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र, अशी वर्गवारी आहे. तासाला चाळीस प्रसंग म्हणजे सात तासांच्या झोपेत सुमारे २८० वेळा गळा मिटला, असा हिशेब होतो. दिवसा गादीवर बसल्या-बसल्या डुलकी लागणे, सकाळी डोके जड असणे, औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, ही त्याची पुढची पावले होत. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या माहितीत याच विकाराचा उल्लेख होता. त्यानंतर काही दिवस घरोघरी याची चर्चा झाली व नेहमीप्रमाणे विरून गेली.

या विकारावरचा प्रमुख उपचार म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते सिद्ध केले व १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. हे यंत्र प्राणवायू देत नाही. ते खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नाकावाटे आत सोडते. ओल्या मलमलीची बाही चिकटून बसावी आणि तिच्यात फुंकर घालताच ती फुगून मोकळी व्हावी, तद्वत या हवेच्या दाबाने घसा रात्रभर उघडा राहतो.

दुसरे साधन बोटाला लावावयाचे, पल्स ऑक्सिमीटर. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचे तत्त्व शोधले. तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात. प्राणवायूने भरलेले रक्त व रिते रक्त या दोन प्रकाशांना वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. नाडीच्या ठोक्यासरशी होणारा बदल टिपून यंत्र टक्केवारी काढते. निरोगी माणसात ती साधारणतः ९५ ते १०० असते. २०२० साली करोनाची साथ आली आणि पूर्वी शस्त्रक्रियागृहात दिसणारी ही चिमटी आपल्या देवघराशेजारच्या फडताळात येऊन बसली. साथ ओसरली, चिमटी राहिली. आता ती ॲप्नियाच्या रुग्णांच्या हाती लागली आहे आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

आपल्यापैकीच एका गृहस्थांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. धान्याचा व्यापार, वय साठीच्या पुढे, देह भारदस्त. बाजार समितीतून परतताना त्यांची स्कूटर भर दुपारी दुभाजकाला घासली. खरचटण्यावर निभावले, पण ‘डोळा लागला होता’ हे त्यांनी घरी दोन दिवसांनी कबूल केले. झोपेची तपासणी झाली. तासाला ४२ प्रसंग निघाले. सीपॅप घरी आले. पंधरा दिवस त्यांनी मुखवटा लावला. नाक कोरडे पडे, पट्टा गालावर वळ उठवी. मग एके सकाळी त्यांनी फडताळातील ऑक्सिमीटर बोटाला लावला. आकडा आला ९७. दुसऱ्या दिवशी ९७, तिसऱ्या दिवशी ९८. त्यांनी निष्कर्ष काढला की प्राणवायू उत्तम आहे, आणि मुखवटा खुंटीला टांगला.

व्यापारी माणसाने ही चूक करावी, हे जरा आश्चर्यच. दिवसअखेरची शिल्लक बरोबर निघाली म्हणून मधल्या काळात गल्ल्यातून किती वेळा उसनवार झाली, हे कळत नाही. त्यासाठी रोजमेळच उघडावा लागतो. जागेपणी ॲप्नियाच्या रुग्णाचा घसा उघडाच असतो. त्यामुळे त्याचा प्राणवायू बहुधा उत्तमच दिसतो. सकाळचा आकडा ही केवळ अखेरची शिल्लक होय. रात्रीचा व्यवहार त्यात उमटत नाही.

त्यांच्या सौभाग्यवतींना हे पटले नव्हते. रात्री श्वास थांबला की त्या उठून त्यांच्या बोटाला चिमटी लावीत. पण स्पर्शाने ते जागे होत, श्वास चालू होई आणि आकडा ९५ वर येई. अखेर त्या डॉक्टरांसमोर म्हणाल्या, “यांचं बोट सगळं ठीक दाखवतं. मग रात्रभर मी का जागी असते?” या एका प्रश्नाने पुढचे सारे घडले.

डॉक्टरांनी मुखवटा पुन्हा लावावयास सांगितले आणि साठवण करणारा ऑक्सिमीटर एका रात्रीसाठी दिला. हा प्रकार वेगळा आहे. तो मनगटाला बांधतात, त्याची तार बोटाला असते, आणि तो दर काही सेकंदांनी नोंद करून रात्रभराचा आलेख तयार करतो. तीन वाजेपर्यंत रेष ९५-९६ वर सरळ होती. नंतर मात्र करवतीच्या दात्यांसारखी खाली-वर, थेट ८२ पर्यंत. सीपॅपच्या आत जे कार्ड असते, त्यातील नोंद शेजारी ठेवली, तेव्हा नेमक्या त्याच वेळी हवेची गळती वाढलेली आढळली. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते आणि तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात. त्या वेळी यांचे तोंड उघडत होते व नाकाच्या मुखवट्यातून आलेली हवा तोंडावाटे निघून जात होती. एकट्या यंत्राची रात्रीची सरासरी पाहिली असती तर ती फारशी वाईट दिसली नसती. एकट्या ऑक्सिमीटरवरून नुसते खड्डे दिसले असते, खड्ड्यांचे कारण नव्हे. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या, तेव्हा मेळ लागला.

या साधनाचा खरा उपयोग एवढाच आणि असा आहे. मात्र त्याच्या मर्यादा पुष्कळ आहेत. सामान्यतः दोन टक्के इकडे-तिकडे होतेच. हात गार असले, नखांवर गडद रंग अथवा काळी मेंदी असली, बोट हलले, तर आकडा फसवा येतो. त्वचेचा वर्ण सावळा असेल, तर काही यंत्रे प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक दाखवितात. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून २०२० साली हे ठळकपणे पुढे आले. आपल्या देशात तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. रात्री मध्येच एखादा आकडा ७० दिसला व लगेच ९६ झाला, तर बहुधा चिमटी सरकलेली असते. पुन्हापुन्हा, एकाच लयीत येणारे उतार मात्र खरे असतात. रात्रीचा आलेख स्वच्छ आला म्हणून विकार नाही, असेही ठरत नाही. काहींची झोप श्वासरोधाने शंभर वेळा मोडते, पण प्राणवायू फारसा उतरत नाही. म्हणून निदानासाठी झोपेची तपासणीच हवी.

याच्या उलट, सीपॅपवर श्वासरोध जवळजवळ शून्य आहेत, गळती नाही, आणि तरीही रेष रात्रभर ८८-८९ वर रेंगाळते, असे दिसल्यास प्रश्न घशाचा नसून फुप्फुसांचा किंवा अतिस्थूलतेमुळे उथळ झालेल्या श्वासाचा असू शकतो. अशा वेळी दाब स्वतःच वाढविणे किंवा कोणाच्या सांगण्यावरून प्राणवायूचे यंत्र भाड्याने आणून जोडणे धोक्याचे आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर ते बोटावरची चिमटी दाखवीत नाही, आणि नुसत्या प्राणवायूने ती स्थिती अधिक बिघडू शकते. तो आलेख घेऊन तज्ज्ञांकडे जावे.

काही किरकोळ पण उपयोगी गोष्टी. यंत्रातील ओलावा देणाऱ्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी घालावे लागते. आपल्या घरात गाळून उकळलेले पाणी नेहमीच असते आणि तेच घालण्याचा मोह होतो. पण उकळल्याने पाण्यातील क्षार जात नाहीत, ते भांड्याच्या तळाशी बसतात. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना या विकाराची कल्पना द्यावी आणि यंत्र रुग्णालयात बरोबर न्यावे. यात्रेलाही न्यावे. व्हरांड्यात अंथरूण नेण्याची मग गरज पडत नाही. आणि ऑक्सिमीटरची घंटा वाजेल म्हणून घरातील दुसऱ्या माणसाने रोज जागत बसू नये. एकाच्या झोपेचा उपचार करताना दोघांची झोप घालवणे हा तोट्याचा सौदा आहे.

त्या गृहस्थांना नाक व तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा दिला गेला. कुशीवर झोपण्याची सवय लावण्यासाठी पाठीशी उशी आली. पहिले आठ दिवस त्यांनी कुरकुर केली. तीन आठवड्यांनी पुन्हा आलेख काढला, तेव्हा पहाटेचे दाते नाहीसे झाले होते. केवळ चार-पाच बारीक उतार उरले होते, तेही ९१ च्या वर. स्कूटर मात्र मुलाने अजून त्यांच्या हाती दिलेली नाही, आणि डॉक्टरांनीही त्याला सध्या दुजोराच दिला आहे. बोटाची चिमटी फडताळात परत गेली आहे. सौभाग्यवतींनी पहिला आलेख घडी घालून दुकानाच्या जुन्या खतावणीत ठेवला आहे, आणि मुखवटा खुंटीकडे जाऊ लागला की ती खतावणी बाहेर निघते.