तारीख आधी, तयारी नंतर

मी मुलुंडहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी, असा रोज ऑफिसला जाणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे कुठे काही बंद पडलं की मला पहिला प्रश्न येतो, "सर्व्हर डाऊन होता का रे?" आजच्या गोष्टीतही बहुतेकांना तेच वाटलं होतं. गोष्ट आपल्याच उपनगरातली आहे, कलिन्याची.

2017 साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांचे सगळे पेपर स्क्रीनवर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी कॉम्प्युटरवर मार्क द्यायचे, बेरीज मशीन करणार. आता खरं सांगायचं तर कल्पना चांगलीच होती. इंजिनिअरिंगचे पेपर आधीपासून असेच तपासले जात होते.

पण आवाका बघा. 477 परीक्षा, साधारण 17 लाख उत्तरपत्रिका. आणि परीक्षा सुरू झाल्या तेव्हा हे काम कोणत्या कंपनीला द्यायचं, तेही पक्कं झालं नव्हतं! 2016 चा विद्यापीठ कायदा म्हणतो, निकाल 30 दिवसांत लावा, फार तर 45. इथे जुलै उजाडला. कुलपती म्हणून राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली. प्राध्यापक तपासणीला बसावेत म्हणून कॉलेजांतली लेक्चर्स बंद ठेवली. तरीही मुदत हुकली. शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले आणि 24 ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. तोवर पुढच्या प्रवेशासाठी मार्कशीटची वाट बघणाऱ्या मुलांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय असं वाटेल. तर आता माझं ऐका.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका क्लायंटची बिलिंग सिस्टीम बदलत होतो. दोन आठवडे जुनी आणि नवी सोबत चालवायची, आकडे जुळले की जुनी बंद, असा प्लॅन होता. मग वरून तारीख आली आणि ते दोन आठवडे गेले. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "होईल ना?" मला माहीत होतं की होणार नाही. तरी म्हणालो, "होईल सर." पहिल्याच दिवशी बिलं चुकली. तीन रात्री घरी गेलो नाही. बरं, आमची बिलं पुन्हा छापता आली. मुलाचं वर्ष पुन्हा छापता येत नाही.

म्हणून मला वाटतं, असे निर्णय फसतात ते कोडमध्ये कमी आणि "होईल ना?" या प्रश्नात जास्त. तो विचारणाऱ्याला "नाही" ऐकायचं नसतं आणि आपल्याला ते बोलायचं नसतं. यावर उपाय साधाच आहे. आधी एकाच शाखेत करून बघा. नवीन नीट चालेपर्यंत जुनं बंद करू नका. आणि ज्याला रात्री जागून ते चालवायचंय, त्याला विचारल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. सरकारी ऑफिस असो, कंपनी असो की विद्यापीठ, याला बजेट लागत नाही.

मागच्या महिन्यात मला पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी म्हणालो, "सर, या तारखेला नाही होणार. तीन आठवडे द्या." खोलीत जरा शांतता पसरली. शेवटी दोन मिळाले.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजात असं "नाही" कोणी म्हणतं का, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.