पूल बंद पडला तर



फ्रीगंजात मराठीतून बोलायला उभं राहिलं की पहिली अडचण भाषेचीच येते. आमची मराठी माळव्यात मुरलेली. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ती हिंदी वाटते, आणि इथल्या शेजाऱ्यांना पुणेरी. त्यात आज विषय डेटाबेसचा, म्हणजे निम्मे शब्द इंग्रजीतून उसने आणलेले. तेव्हा सांभाळून घ्या.

स्वागताध्यक्षांनी माझी ओळख ‘मोठमोठ्या सिस्टिम उभ्या करणाऱ्या’ अशी करून दिली. उभ्या करणारे वेगळे असतात, त्यांचे फोटो निघतात. मी रात्री तीनला फोन उचलणाऱ्यांपैकी. पंचवीस वर्षांत जे काय शिकले ते आडव्या झालेल्या सिस्टिमच्या उशाशी बसून.

आज सकाळी जुन्या शहरातून येताना तुमच्यातले बरेच जण पुलावर अडकले. बरं झालं. माझं निम्मं भाषण त्या पुलाने केलं. रेल्वेच्या रुळांनी उज्जैनचे दोन भाग केले आहेत. पलीकडे महाकाल, गोपाळ मंदिर, जुने बाजार. अलीकडे हा फ्रीगंज आणि त्याचा टॉवर चौक. पूल तुंबला म्हणून शहर काही थांबत नाही. दोन्हीकडची दुकानं चालू राहतात, फक्त तिकडे काय चाललंय ते इकडे कळत नाही.

समजा, एका शेठजींची दोन दुकानं आहेत, पुलाच्या दोन बाजूंना. कोणाचीही उधारी पाच हजारांवर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. दर तासाला एक पोरगा सायकलवरून दोन्ही वह्या जुळवून येतो. एके दिवशी पूल बंद, पोरगा अडकला, आणि फ्रीगंजच्या दुकानात गिऱ्हाईक चार हजारांचा माल उधार मागतंय. मुनीमजींनी काय करावं? नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं. हो म्हटलं आणि त्याने सकाळी पलीकडूनही चार हजारांचा माल उचललेला असला, तर नियम मोडला. एरिक ब्रूअर यांनी २००० साली हाच पेच मांडला, आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये त्याची सिद्धता दिली. पुस्तकांत तो ‘वह्यांचा मेळ, अखंड सेवा आणि पूल तुंबला तरी चालत राहणं, या तीनांपैकी कोणतेही दोन निवडा’ असा शिकवतात. मला ते कधीच पटलं नाही. पूल तुंबणार की नाही, हे निवडायची सोय तुम्हाआम्हाला कोणी दिली आहे? तो तुंबणारच. निवड उरते ती मुनीमजींच्या उत्तराची. डॅनियल अबाडी यांनी पुढे त्यात आणखी एक भर घातली, आणि ती मला जास्त कामाची वाटते: पूल उघडा असतानाही पोरगा जाऊन येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवायचं की नाही, हा प्रश्न रोजच असतो.

पूल किती वेळ बंद राहिला तर गोंधळ होतो? २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबकडे दोन ठिकाणांमधला दुवा ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित व्यवस्थेने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य नेमून टाकलं. पूर्वेकडे काही नोंदी अशा झाल्या होत्या, की त्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. आता दोन वह्या, दोन्ही खऱ्या. त्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. नवा लीडर नेमायची घाई यंत्राला माणसापेक्षा जास्त असते, एवढं मी यातून घेतलं.

निवडीसंबंधी मला जे सांगायचं आहे ते इथेच येतं. तरुण मंडळी येऊन विचारतात, ‘ताई, कॅसान्ड्रा घेऊ की मोंगो, की युगाबाइट?’ मी विचारते, पूल बंद असताना तुमच्या मुनीमाने काय करायचं ते ठरलंय का? ते बहुतेक वेळा ठरलेलं नसतं. ते इंजिनियरने ठरवायचंही नसतं. नुकसान ज्याच्या खिशातून जाणार त्याने ठरवायचं. कोणता रकाना चुकला तर चालेल आणि कोणता चुकता कामा नये, ही यादी धंदेवाल्याकडून लिहून घ्या. मग डेटाबेसचं नाव बहुतेक आपोआप सुचतं. आणि पुष्कळदा, इथे विक्रेते बसले आहेत त्यांची क्षमा मागून सांगते, ते नाव असतं पोस्टग्रेस, एक चांगलं मशिन आणि शेजारी एक रेप्लिका.

ही अक्कल मला कॉलेजात आली नाही, अण्णांकडून आली. माझे वडील उज्जैन स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत बसत. संगणक यायच्या आधी गाडीतल्या बर्थ स्टेशनांना कोटा म्हणून वाटून दिलेल्या असत. आपल्या कोट्यातली बर्थ अण्णा कोणाला न विचारता देऊ शकत. कोटा संपला की तार, आणि उत्तराची वाट. आज आमच्या व्यवसायात याला भारी भारी नावं आहेत, पण युक्ती तीच: मर्यादा आधीच वाटून द्या, म्हणजे दर वेळी पूल ओलांडायला नको. शेठजींनीही पाच हजारांतले अडीच-अडीच हजार दोन्ही दुकानांना वाटून दिले असते, तर मुनीमजींना घाम फुटला नसता. किंमत अशी, की एका स्टेशनचा कोटा रिकामा पडून असतो आणि दुसऱ्या स्टेशनवर प्रवासी परत जातो. अण्णांना ते फार लागायचं.

पुढे संगणकीय आरक्षण आलं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं. प्रत्येकाकडे आपापल्या भागातल्या गाड्यांची नोंद. उज्जैन पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळात, त्यामुळे आमची गाठ मुंबईशी. १९९९ मध्ये रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ प्रणालीतून ही पाचही केंद्रं जोडली, आणि कुठल्याही खिडकीतून कुठल्याही गाडीचं तिकीट निघू लागलं. एका गाडीची वही मात्र एकाच केंद्रात. एक बर्थ दोघांना विकली जाऊ नये, यासाठी दुसऱ्या केंद्राच्या खिडकीवर क्षणभर जास्त थांबावं लागलं तर लागलं. शार्डिंग, म्हणजे नोंदींची वाटणी, शिकवताना मी अजून हेच उदाहरण घेते, ते वर्गातल्या प्रत्येकाने खिडकीपुढे उभं राहून सोसलेलं असतं.

वाटणी कशावर करायची, हाही जिव्हाळ्याचा प्रश्न. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतोय. त्यासाठी कोणी घाटाच्या नावावरून नोंदी वाटायला निघाला, तर त्याने पर्वणीच्या दिवशी इथे येऊन पाहावं. क्षिप्रेला घाट पुष्कळ आहेत, पण जो तो निघतो रामघाटाकडेच. एक नोड घामाघूम आणि बाकीचे माशा मारत बसलेले. सरासरी भार मात्र कागदावर सुरेख दिसतो.

आणखी एक इथल्या मातीतली अडचण. तीन प्रती ठेवा, बहुमताने ठरवा, हे सगळेच सांगतात. पण रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशाने पैशांच्या व्यवहारांची नोंद भारतातच ठेवावी लागते, आणि तुमच्या क्लाउडवाल्याची भारतात दोनच ठिकाणं असली, उदाहरणार्थ मुंबई आणि हैदराबाद, तर तीन प्रतींतल्या दोन एकीकडे जाणार. तेच ठिकाण पडलं तर उरलेली एकटी प्रत बहुमताअभावी तोंड मिटून बसते. तिसरं ठिकाण मिळवा, मग ते दुसऱ्या कंपनीचं का असेना. शिवाय अंतर आहेच. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद सहाशे किलोमीटर धरलं, तरी जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद प्रकाशालाच लागतात. जाहिरातीत काहीही छापलेलं असो.

आता देखरेखीकडे वळते, आणि त्यासाठी तुम्हाला इथून जवळच असलेल्या वेधशाळेत नेते. सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार होते. त्यांनी दिल्लीला १७२४ मध्ये वेधशाळा उभारली, आणि मग जयपूर, उज्जैन, काशी, मथुरा इथे. पाच का? एका जागचे वेध दुसऱ्या जागच्या वेधांशी पडताळून पाहता यावेत म्हणून. पितळी यंत्रांचे आस झिजतात, मध्य सरकतो आणि चूक नकळत वाढत जाते, हे अनुभवून त्यांनी दगड-चुन्याची मोठाली यंत्रं बांधली. मथुरेची वेधशाळा पुढे नामशेष झाली, उरलेल्या चार आहेत. उज्जैनची मोडकळीला आली होती. नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या आग्रहावरून माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. आपटे तिचे पहिले अधीक्षक.

तिथलं सम्राट यंत्र उज्जैनची सूर्यवेळ दाखवतं. प्रमाणवेळ हवी तर दुरुस्ती मिळवायची: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे ११ मिनिटं, आता फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे ४१. म्हणजे यंत्र आणि त्याच्या चुकीचा तक्ता, अशी जोडी. गूगलने २०१२ मध्ये आपल्या स्पॅनर डेटाबेसची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा मला हीच जोडी आठवली. त्यांचं घड्याळ ‘आत्ता अमुक वाजले’ असं सांगतच नाही; ‘अमुक ते अमुक यांच्या मधली वेळ आहे’ असं सांगतं, आणि तेवढी शंका फिटेपर्यंत नोंद पक्की करायला थांबतं. अणुघड्याळं बाळगणारी कंपनी स्वतःच्या घड्याळावर एवढा अविश्वास दाखवते, आणि आपण?

आपलं ऐका. एका कंपनीत, नाव सोडून द्या, आमचा कॅसान्ड्राचा बारा नोडांचा क्लस्टर होता. दिवसाला दोन-तीन तक्रारी यायच्या: ग्राहकाने पत्ता बदलला, ‘बदल झाला’ असा निरोपही मिळाला, आणि पार्सल जुन्याच पत्त्यावर. डॅशबोर्ड हिरवागार. आम्ही तीन आठवडे नेटवर्कला शिव्या देत होतो. शेवटी ग्राहकसेवेतल्या एका मुलीने सांगितलं, ‘मॅडम, ज्यांनी लागोपाठ दोनदा पत्ता बदलला, त्यांचाच घोळ होतोय.’ तिने ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं होतं. मग उलगडलं. एका ॲप सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. व्हर्च्युअल मशिन पुन्हा चालू झाल्यावर वेळ जुळवणारी सेवा उठलीच नव्हती. कॅसान्ड्रात ज्याचा शिक्का उशिराचा त्याची नोंद खरी. पहिला बदल त्या सर्व्हरवरून गेला की त्यावर सात मिनिटं पुढचा शिक्का, आणि पाच मिनिटांनी ग्राहकाने केलेली दुरुस्ती जुनी ठरून बाद. चूक कोणीच केली नव्हती, सगळ्यांनी ‘ओके’ म्हटलं होतं. तेव्हापासून प्रत्येक मशिनच्या घड्याळाचा फरक माझ्या पडद्यावर सगळ्यात वर असतो. कॉक्रोचडीबीत ही सावधगिरी आतच बांधलेली आहे: ज्या नोडचं घड्याळ निम्म्या तरी सोबत्यांपासून ठरल्यापेक्षा जास्त भरकटलं, तो स्वतःहून बंद पडतो.

कॅसान्ड्राचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. तिथे नोंद पुसली तरी लगेच जात नाही, तिच्या मरणाची खूण ठेवली जाते, आणि तुम्ही बदलली नाही तर तिची मुदत असते बरोबर दहा दिवसांची. आमच्या आईने ऐकलं तेव्हा म्हणाली, ‘म्हणजे सुतकच की!’ अगदी तसंच. त्या दहा दिवसांत सगळ्या भाऊबंदांना बातमी कळायला हवी, रिपेअर चालवायचा तो त्यासाठी. एखादा नोड बंद राहून अकराव्या-बाराव्या दिवशी परत आला, तर त्याला मरणाची वार्ताच नसते. तो आपल्याकडची प्रत सगळ्यांना वाटतो, आणि गेलेला माणूस पंक्तीला येऊन बसतो. शेवटचा रिपेअर कधी झाला हा आकडा कितीजणांच्या पडद्यावर आहे? हात वर करायला सांगत नाही.

बॅकअपबद्दल एकच गोष्ट. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका थकलेल्या इंजिनियरने चुकून मुख्य डेटाबेसचीच डेटा डिरेक्टरी पुसली. परत आणायला पाच मार्ग होते, ऐन वेळी एकही धड निघाला नाही. वाचवलं ते एका चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या प्रतीने. नेहमीचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच फसत होता, आणि तसे इशारेही निघत होते. पण ते ईमेल पोहोचण्याआधीच नाकारले जात होते. कंपनीने हे सगळं जगासमोर मांडलं, दुरुस्ती चालू असताना ती थेट दाखवली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आमच्याकडे मी त्यानंतर एक नियम केला: महिन्यातून एकदा सगळ्यात नवखा मुलगा बॅकअपवरून डेटाबेस उभा करेल, आणि किती मिनिटं लागली ते फळ्यावर लिहील. शिवाय दर मिनिटाला एका नोडवर एक खोटी नोंद लिहायची आणि दुसऱ्यावरून वाचायची. ती किती उशिरा दिसते, हा एक आकडा पन्नास आलेखांपेक्षा मला लवकर जागं करतो.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. उद्या जेवणापूर्वी ज्यांना यायचं असेल त्यांनी वेधशाळेच्या फाटकाशी जमावं. सम्राट यंत्रावर बारा वाजतील तेव्हा तुमच्या मोबाइलमध्ये पाऊण वाजायला चारेक मिनिटं कमी असतील. प्रत्येकाने आपापला फरक लिहून आणायचा आहे. ढग असले तर टॉवर चौकात पोहे.