आपली आळी आणि नगरपरिषद
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आमच्या आळीचे नगरसेवक आपल्याच ज्ञातीचे. त्यांस अडचणीत कसे आणावे, या संकोचापायी तुंबलेल्या गटाराविषयी आम्ही दोन पावसाळे मौन पाळले. अखेर पाणी ओट्यावर चढले, तेव्हा बावीस सह्यांचा अर्ज नगरपरिषदेत दिला. आठवड्यात गटार उपसले गेले. ते गृहस्थ मात्र आमच्याशी बोलेनासे झाले. याचे वाईट वाटते, नाही असे नाही.

१९९३ साली अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आवश्यक केल्या, परंतु तीन लक्ष वा अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्या. आपले शहर त्यात बसत नाही. तेव्हा दाद मागावयाची ती रहिवाशांनीच.

येत्या रविवारी सकाळी बंद दिव्यांच्या खांबांची यादी करावयाची आहे. वही आमच्यापाशी आहे. नगरसेवकांसही निरोप धाडला आहे.