प्रमाणपत्र आणि नोंदणी : नर्सिंगला जाणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या बोदवडसारख्या गावात घरोघरी एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? मुलगी हुशार असली, घरची परिस्थिती बेताची असली, की कोणीतरी सल्ला देतो, ‘नर्सिंगला घाला, नोकरी लगेच लागते.’ सल्ला वाईट नाही. परंतु ‘नर्सिंग’ हा एकच शब्द आज अनेक पाट्यांवर लिहिलेला दिसतो. काही पाट्यांच्या मागे खरोखरच शाळा असते. काहींच्या मागे दोन खोल्या, एक टेबल आणि पावती-पुस्तक एवढेच असते. सर्वांची प्रमाणपत्रे मात्र सारखीच रंगीत असतात. म्हणून आज मी आपल्यापुढे एकच गोष्ट मांडणार आहे. परिचारिका म्हणून काम करण्याचा अधिकार शाळेच्या प्रमाणपत्राने मिळत नाही. तो राज्याच्या नोंदवहीत नाव लागल्याने मिळतो. हे ज्या पालकाला नीट उमगले, त्याचे पैसे आणि त्याच्या मुलीची वर्षे दोन्ही वाचतील.

आपण विचाराल, नोंदवहीची एवढी मातब्बरी कशाला? जरा रुग्णालयातील खाटेचा विचार करा. डॉक्टर येतात, तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. ते औषध योग्य मात्रेत, योग्य वेळी, योग्य माणसाला देणारी, रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी तिच्यावरील गट ताडून पाहणारी, रात्री तीन वाजता बाळंतिणीचा रक्तस्राव वाढला हे प्रथम ओळखणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका. आजाऱ्याला तिची परीक्षा घेता येत नाही. म्हणून समाजाने ही परीक्षा आधीच घेऊन ठेवावी आणि उत्तीर्ण झालेल्यांची नावे एका वहीत लिहून ठेवावीत, असा हा साधा विचार आहे.

हा विचार कायद्यात उतरायला वेळ लागला. परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा प्रथम न्यूझीलंडने १९०१ साली केला. ब्रिटनमध्ये तो १९१९ साली आला. आपल्या देशात मद्रास प्रांताने १९२६ साली आणि मुंबई प्रांताने १९३५ साली असे कायदे केले. आपला पूर्व खानदेश जिल्हा त्यावेळी मुंबई प्रांतातच होता. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते! पुढे १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा राहावा अशी व्यवस्था सुरू झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला. मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद या कायद्याखाली काम करीत आली आहे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा संमत केला. त्यात देशासाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्यांसाठी राज्य आयोग यांची तरतूद आहे. परिषद जाऊन आयोग आला तरी मूळ तत्त्व तेच राहते. नव्या कायद्यातही राष्ट्रीय आणि राज्य नोंदवही आहेच.

आता ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. तिला तीन दारे आहेत, असे समजा.

पहिले दार शाळेचे. नर्सिंगची शाळा कोणालाही मनात आले म्हणून काढता येत नाही. शासनाची परवानगी लागते, परिषदेची मान्यता लागते. तपासणीला येणारे लोक इमारत पाहतात, शिक्षिकांची पात्रता पाहतात, प्रयोगशाळा व वसतिगृह पाहतात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णालय पाहतात. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण, हे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेले आहे. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तशी रुग्णसेवा फळ्यावर शिकता येत नाही. ज्या शाळेला रुग्णालय नाही, तिथे नर्सिंग नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

दुसरे दार परीक्षेचे. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. ए.एन.एम. आणि जी.एन.एम. या अभ्यासक्रमांची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. शाळेनेच शिकवायचे, शाळेनेच पेपर काढायचा आणि शाळेनेच उत्तीर्ण करायचे, असा प्रकार मान्यताप्राप्त शिक्षणात नसतो.

तिसरे दार नोंदणीचे. मान्य शाळा आणि मान्य परीक्षा, ही दोन्ही दारे ओलांडून आलेल्या उमेदवाराचेच नाव परिषद नोंदवहीत घेते. जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांची नोंद परिचारिका व प्रसविका म्हणून होते, ए.एन.एम. झालेल्यांची त्यांच्या वेगळ्या भागात होते. शासकीय नोकरीच्या अर्जात हाच नोंदणी क्रमांक मागतात. पहिल्या दाराची चौकशी न करता आत गेलेली मुलगी तिसऱ्या दाराशी येऊन थांबते. तोवर दोन-तीन वर्षे आणि घरातले दागिने दोन्ही गेलेले असतात.

अभ्यासक्रमांविषयीही थोडे सांगतो. ए.एन.एम. दोन वर्षांचा असून तो फक्त मुलींसाठी आहे. आपल्या उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणाऱ्या नर्सबाई याच शिक्षणातून येतात. सपाट प्रदेशात ५,००० आणि सातपुड्यासारख्या डोंगराळ, आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असा शासनाचा निकष आहे. जी.एन.एम. तीन वर्षांचा. या दोन्हींसाठी आता बारावी लागते. कला शाखेच्या विद्यार्थिनीलाही येथे वाव आहे, मात्र इंग्रजी विषय हवा. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी यांसह लागते. तिची राज्यस्तरीय सामायिक प्रवेश परीक्षाही असते. म्हणजे ज्या मुलीला पदवी घ्यायची आहे, तिचा निर्णय खरे तर दहावीनंतर शाखा निवडतानाच होतो. अर्थात कला शाखेतून जी.एन.एम. केलेल्या मुलीला पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळविता येते. मुलांनाही जी.एन.एम. आणि बी.एस्सी. खुले आहे. गुणांची अट आणि नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. आपल्या उर्दू शाळांतील विद्यार्थ्यांनी इंग्रजीकडे आठवीपासूनच लक्ष द्यावे, हे मी मुद्दाम सांगतो.

मग सहा महिन्यांचे, वर्षाचे ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ असे वर्ग चालतात, ते सगळे खोटे काय? नाही. रुग्णाची देखभाल करणाऱ्या मदतनिसांचे रीतसर प्रशिक्षणही असते आणि त्या कष्टाच्या कामाला कमी लेखू नये. परंतु मदतनीस ही परिचारिका नव्हे. त्या प्रमाणपत्रावर परिषदेत नाव लागत नाही. मदतनिसाचे शिक्षण मदतनिसाचे म्हणून घ्यावे. ‘नर्स’ म्हणून विकत असतील तर उठून यावे.

म्हणून पालकहो, शुल्क भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. या शाळेला, याच अभ्यासक्रमासाठी, याच वर्षी मान्यता आहे काय? परीक्षा कोण घेते? प्रात्यक्षिकासाठी रुग्णालय कोणते, आणि तिथे खाटा किती? यापूर्वी येथून बाहेर पडलेल्या मुलींची नोंदणी झाली आहे काय? उत्तरे तोंडी घेऊ नका, कागद मागा. मग त्या कागदाची खात्री परिषद, मंडळ किंवा विद्यापीठाकडून करून घ्या. खरी शाळा या प्रश्नांनी रागावत नाही. शाळा परराज्यातील असेल तर दुप्पट सावध राहा. तेथील परिषदेत नोंद झाल्यावर महाराष्ट्रात काम करण्यासाठी येथील परिषदेत पुन्हा नोंद करावी लागते आणि मूळ परिषदेकडून पडताळणी होते.

आखातात जाण्याचे स्वप्न अनेक घरांत असते. तेथील अधिकारी उमेदवाराच्या हातातील कागदावर विसंबत नाहीत. ते शाळेकडे, परिषदेकडे थेट विचारणा करतात, वर्तणूक निर्दोष असल्याचा परिषदेचा दाखला मागतात आणि आपली स्वतंत्र परीक्षाही घेतात. बनावट कागद तेथे हमखास उघडा पडतो.

एक बारीकशी, पण फार त्रास देणारी बाब सांगतो. आपल्याकडे एकाच मुलीचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरे असते. कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. कुठे ‘बी’ आहे, कुठे नाही. नोंदणीच्या वेळी यापायी महिने जातात. दहावीचा अर्ज भरतानाच सर्व कागदांवर नाव अक्षरशः एकसारखे करून घ्या. लग्नानंतर नाव बदलले तर परिषदेतही बदल करून घ्यावा. नोंदणी एकदा झाली म्हणजे जन्माची झाली, असेही नाही. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. शिवाय गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास नोंदवहीतून नाव काढून टाकण्याचा अधिकार परिषदेला असतो.

खर्चाचा प्रश्न आहेच. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. आपल्यातील मोमीन, पिंजारी आदी जमाती इतर मागास वर्गात आहेत. यावल-रावेरकडील तडवी बांधव अनुसूचित जमातीत असून त्यांच्यासाठी वेगळ्या सवलती आहेत. आपल्या अभ्यासक्रमाला कोणती सवलत लागू आहे ते प्रवेशापूर्वीच विचारा आणि जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. अशा सवलती मान्य संस्थांतच मिळतात, हेही विसरू नका.

शेवटी मनातल्या संकोचाविषयी. रात्रपाळी, परके रुग्ण, लोक काय म्हणतील, असे प्रश्न आपल्या घरांत निघतात. ते हसण्यावारी नेऊ नयेत. वसतिगृह, येण्याजाण्याची सोय यांची चौकशी आईवडिलांनी जरूर करावी. पण प्रेषितांच्या काळात मदिनेत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे नाव आपणही आदरानेच घेतो. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील नर्सिंग महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालते. आपल्या घरातील स्त्री आजारी पडली की आपण सिस्टर कुठे आहेत म्हणून शोधतो. ती सिस्टर कोणाच्या तरी घरची मुलगी असते. ती आपल्या घरची असावी, आणि नोंदवहीत नाव असलेली असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.