कलकत्त्याचे मराठी पंडित
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत ‘परमुलखातील भाषाशिक्षक’ हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. आपल्या शाळेत शिकलेल्या काही मुली आज परप्रांतांत आणि परदेशांत भाषा-सहायक म्हणून काम करीत आहेत. त्यांची पत्रे येतात. खोली, थंडी, जेवण यांविषयी त्या थोडक्यात लिहितात. मात्र एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात असतो. आम्ही येथे नेमक्या कोण, शिक्षक की शिक्षकाच्या हाताखालचे माणूस? दोनशे वर्षांपूर्वी हाच पेच ज्यांच्या वाट्याला आला, अशा एका मराठी माणसाची ओळख आज मला करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव वैजनाथ शर्मा. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीचे मुख्य पंडित होते.

हे कॉलेज लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कलकत्त्यात स्थापन केले. विलायतेहून येणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणे हा त्याचा उद्देश. बंगाली व संस्कृत या विषयांसाठी विल्यम कॅरे या मिशनऱ्याची नेमणूक झाली आणि पुढे मराठीही त्याच्याकडे आली. १८०३ साली असईची आणि अडगावची लढाई झाली, नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह होऊन कटक प्रांत कंपनीकडे गेला. ज्या मुलखावर राज्य करावयाचे, त्याची भाषा यावयास हवी. मराठीला कलकत्त्यात वर्ग मिळाला तो असा. तो मराठीवरील प्रेमापोटी मिळाला, असे आपण भाबडेपणाने समजू नये.

शिवाय ते शहर मराठ्यांना विसरलेले नव्हते. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. त्या भयाने १७४२ साली कलकत्त्याभोवती खंदक खणण्यास सुरुवात झाली. तो अर्धवटच राहिला आणि मराठे शहरावर कधी चालून आलेच नाहीत. पण ‘मराठा डिच’ हे नाव मात्र कायम झाले. १७९९ साली खंदक बुजवून तेथे सर्क्युलर रोड बांधण्यात आला. बागबाजार भागातील एका गल्लीने ते नाव अजून राखले आहे. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचा बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि बर्गी येतील म्हणून बंगाली आया मुलांना निजवू लागल्या. अशा शहरात, खंदक बुजून जेमतेम पाच-सहा वर्षे झाली असता, एक मराठी ब्राह्मण पोथ्या घेऊन शिकवावयास जातो. त्याला पाहून शेजारपाजारच्या मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

त्यांचे नावही त्यांच्याकडे धड राहिले नाही. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो आणि ‘अ’चा उच्चार ‘ओ’कडे झुकतो. कॅरेने आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्यांचा उल्लेख केला आहे, तोही वैद्यनाथ या रूपात. ज्या मुली पत्रातून लिहितात की तेथे आमचे नाव कोणाला नीट घेता येत नाही, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

त्या काळच्या पगाराचे आकडे पाहण्याजोगे आहेत. आरंभी कॅरेला दरमहा ५०० रुपये होते. बंगालीचे मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना २०० आणि रामराम बसू यांच्यासारख्या दुय्यम पंडितांना ४०. आपल्या शिक्षणसेवकांना या उतरंडीचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष अध्यापनाकडे येऊ. आपली भाषा आपल्याला येते, असे आपण समजतो. परका विद्यार्थी समोर बसला की हा समज टिकत नाही. दगड ‘तो’, माती ‘ती’ आणि पाणी ‘ते’, हे कशावरून? इंग्रजीत निर्जीव वस्तूंना असे लिंगभेद नाहीत. बंगालीत तर मुलगा जावो, मुलगी जावो, की मूल जावो, क्रियापद एकच. आपण मात्र गेला, गेली, गेले यांची उजळणी करून घेणार. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंना इंग्रजीत एकच शब्द. ‘आम्ही निघतो’ म्हटले तर समोरचा मागे राहतो आणि ‘आपण निघू या’ म्हटले तर तो बरोबर येतो. एवढी मोठी गोष्ट एका सर्वनामात आहे, हे मराठी माणसाला कोणी विचारीपर्यंत कळत नाही. भाषा-सहायकाचे खरे काम हेच होय. व्याकरण पुस्तकात सापडते. पण ‘असे आम्ही म्हणत नाही’ हे सांगावयास त्या भाषेत वाढलेला माणूसच लागतो.

अशा साहाय्यातून मराठीच्या छापील गद्याचा पाया कलकत्त्याच्या परिसरात घातला गेला. हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथून कॅरे होडीने कॉलेजात ये-जा करी. श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण निघाले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण यावयास त्यानंतर एकतीस वर्षे लागली. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यातील मराठी शब्द मोडीत आहेत. ही अक्षरे पाडणारे हात पंचानन कर्मकार यांच्या परंपरेतील बंगाली कारागिरांचे. ११ मार्च १८१२ रोजी त्या छापखान्याला आग लागून टाइप व हस्तलिखिते भस्मसात झाली. तरीही १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’, पुढे ‘हितोपदेश’ आणि ‘प्रतापादित्याचे चरित्र’ ही मराठी पुस्तके बाहेर पडली. ती वैजनाथांच्या नावावर आहेत. यांतील ‘बत्तिशी’ बंगालीत आणली होती मृत्युंजयांनी आणि प्रतापादित्याचे बंगाली चरित्र रामराम बसूंचे. म्हणजे आपल्या पंडितांनी मराठी शिकविता शिकविता सहकाऱ्यांची भाषा आत्मसात केली होती. व्याकरणाच्या आणि कोशाच्या मुखपृष्ठावर कॅरेचे नाव आहे, हे खरे. मला त्याचा विषाद वाटतो. पण त्या विषादात अडकून पडावे असे वाटत नाही, कारण वैजनाथही अडकून पडलेले दिसत नाहीत.

पुढे याच मार्गाने दोन्ही बाजूंनी माणसे गेली. देवघर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील सखाराम गणेश देऊसकर यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ बंगालीत लिहिली. सरकारने १९१० साली तिच्यावर बंदी घातली. सुरेंद्रनाथ सेन हे बंगाली. ते मराठी शिकले आणि त्यांनी केलेले सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले.

आज आपल्या वर्गांत सराफ कट्ट्यावरील बंगाली कारागिरांची मुले बसतात. त्यांना वेगळे बसवावे, म्हणजे इतरांचे मराठी बिघडणार नाही, अशी सूचना पालकसभेत आली होती. मी ती मान्य केली नाही. या मुलांकडून आमच्या शिक्षकांनी काही शब्द लिहून घेतले आहेत. बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. आमच्या एका शिक्षिकेने ‘चेष्टा करू नकोस’ म्हणताच एका मुलाने पाटी खाली ठेवली होती; आता आम्हांला त्याचे कारण कळते. बंगाली माणूस पाणीही ‘खातो’. सर्वांत अडले ते ‘अभिमान’ या शब्दापाशी. तो गर्व नव्हे. आपल्याच माणसाने दुखविले म्हणून मनात धरलेली ती नाराजी. शिक्षकांच्या खोलीत यावर दोन दिवस खल झाला. अखेर सातवीतल्या एका बंगाली मुलीनेच प्रतिशब्द सुचविला आणि तो आम्ही यादीत लिहून घेतला : ‘रुसवा’.