पुढं काय होतं, सर?



"सर, एमडी घेतलं तर पुढं काय होतं?"

एमडी या नशेबद्दलचा हा प्रश्न मला एका विद्यार्थ्यानं विचारला. वर्गात नव्हे, प्रयोगशाळेत. प्रॅक्टिकल संपलं होतं, पोरं हात धुऊन निघून गेली होती, मी बाटल्या फळीवर लावत होतो. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून 'नीट'च्या तयारीसाठी लातूरला आलेलं ते लेकरू. बापाची चार एकर कोरडवाहू जमीन. खोलीवरच्या एका मित्रासाठी विचारतोय, असं तो म्हणाला. मी ते खरं मानलं, आजही मानतो.

मी त्याला सांगितलं, "मेंदूला भोकं पडतात."

चार दिवसांनी तो परत आला. मोबाइलवर बरंच वाचून आला होता. म्हणाला, "सर, भोकं पडत नाहीत. मेंदूत रक्त कमी पोचणारा भाग चित्रात काळा दाखवतात, त्याला लोक भोक म्हणतात. आणि ती चित्रंसुद्धा एमडीची नाहीत, दुसऱ्याच गोळीची आहेत." त्याचं सगळं बरोबर होतं. मग त्यानं विचारलं, "म्हणजे काही होत नाही ना, सर?"

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला या प्रश्नानं गप्प केलं. त्याला भीती घालण्यासाठी मी जे ऐकीव ते ठोकून दिलं होतं. ते खोटं निघाल्यावर त्याच्या हातात उरलं ते 'काही होत नाही' एवढंच. आज मी त्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचा प्रयत्न करणार आहे. ते उत्तर 'माहीत नाही' असंच आहे, पण या 'माहीत नाही'च्या पोटात काय काय आहे ते सांगायला मला थोडा वेळ लागेल.

एमडी ही मुंबई-पुण्याची, गोव्याच्या पार्ट्यांची गोष्ट, असं आपण मराठवाड्यात बरीच वर्षं मानलं. एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं, म्हणजे डीआरआयनं, लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात रोहिणा गावाजवळच्या डोंगराळ भागात छापा घातला. तिथं एमडी बनवण्याचा कारखाना चालू होता. ११.३६ किलो माल सापडला. त्यातला ८.४४ किलो सुका आणि बाकीचा द्रवरूपात. किंमत सुमारे १७ कोटी रुपये. त्याआधी नाशिकजवळचं शिंदे गाव, सोलापूरची चिंचोळी, दौंडजवळचं कुरकुंभ ही नावं आपण बातम्यांत ऐकलीच होती. चाकूरचं नाव ऐकलं त्या दिवशी मात्र मला माझी प्रयोगशाळा आठवली.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. येमेन, इथिओपिया या देशांत 'खात' नावाच्या झुडपाची पानं लोक पिढ्यान् पिढ्या चघळत आले आहेत. त्या पानांत कॅथिनोन नावाचं उत्तेजक द्रव्य असतं. मेफेड्रोन हे त्याचं प्रयोगशाळेत घडवलेलं भावंड. पहिल्यांदा ते १९२९ मध्ये तयार झालं आणि विसरलं गेलं. २००३ च्या सुमारास इंटरनेटवर त्याची कृती पुन्हा फिरू लागली. ब्रिटनमध्ये ते 'झाडांचं खत' अशी चिठ्ठी लावून उघड विकलं जात होतं. एप्रिल २०१० मध्ये तिथं बंदी आली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आलं.

घेतल्यावर त्या रात्री काय होतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, जबडा आवळला जातो, झोप उडते, नाकातून ओढलं तर नाक जळतं. असर दोन-तीन तासांत उतरतो. म्हणून माणूस पुन्हा घेतो, पुन्हा घेतो, आणि एक पुडी म्हणता म्हणता रात्रभरात सगळा माल संपतो. नंतर उदासी, संशय, कुणीतरी पाठलाग करतंय असा भास. हे आजचं झालं. त्या पोरानं विचारलं होतं पुढचं.

आता साधं गणित करू. ज्या मुलांनी २००८-०९ मध्ये ब्रिटनमध्ये विशीत हे घेतलं, ती आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. मुंबईत २०१४ च्या आसपास ज्यांनी सुरुवात केली, ती तर आत्ता कुठं तिशी ओलांडताहेत. विशीत एमडी सुरू करून सत्तरीला पोचलेला माणूस आज पृथ्वीवर नाही. मग म्हातारपणी त्याच्या स्मरणशक्तीचं, हृदयाचं काय होतं, हे कुणी पाहिलेलं असणार कसं? ज्या रुग्णांना तपासून उत्तर मिळणार, ते रुग्ण अजून म्हातारेच झालेले नाहीत.

तंबाखूचं तसं नव्हतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती आयुष्यभर खाल्ली, तरी तोंडाच्या कर्करोगाचा हिशेब पक्का करायला केवढं करावं लागलं! मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या डॉ. फली मेहता यांच्या गटानं साठच्या दशकापासून खेडोपाडी जाऊन, घरोघर लोकांची तोंडं उघडून तपासली. एकट्या पुणे जिल्ह्यात एक लाखाहून जास्त माणसं. तंबाखू दुकानात मिळत होती, खाणारा लपवत नव्हता, बायाबापड्या 'किती खाता' विचारलं की सांगत होत्या. एमडी घेणारा सांगेल का?

आणि सांगितलं तरी त्यानं नेमकं काय घेतलं, हे त्याला तरी कुठं ठाऊक असतं? इथं मला शिक्षक म्हणून थोडं थांबायचंय.

प्रयोगशाळेत मी पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत असे. बाटलीवरचं लेबल वाचा आणि लेबलावर विश्वास ठेवू नका. २००२ च्या सप्टेंबरमध्ये 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा एक निबंध आला. एक्स्टसी, म्हणजे एमडीएमए, ही पार्ट्यांमधली दुसरी गोळी. नावं जवळची वाटली तरी ही एमडी नव्हे. एका रात्रीत माणूस घेतो तेवढी माकडांना दिली, तर मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची गंभीर हानी होते, असं त्या निबंधात होतं. जगभर बातम्या झाल्या. एका रात्रीत कंपवाताची बी पेरली जाते, असं लोक बोलू लागले. वर्षभरानं, सप्टेंबर २००३ मध्ये, त्याच संशोधकांनी निबंध मागे घेतला. माकडांना टोचलेलं द्रव्य एमडीएमए नव्हतंच, ते मेथॅम्फेटामिन होतं. बाटल्यांची लेबलं अदलाबदल झाली होती.

जगातल्या उत्तम प्रयोगशाळेत, काळजीनं काम करणाऱ्या माणसांच्या हातून हे झालं. आता रोहिण्याच्या डोंगरातलं शेड डोळ्यांसमोर आणा. तिथं लेबल कोण लावणार? आजच्या खेपेत काय राहिलं, कालच्या खेपेत काय राहिलं होतं, हे कोण तपासणार? 'एमडीचे परिणाम' असं आपण म्हणतो खरं, पण त्या नावाखाली प्रत्येक पुडीत वेगळं मिश्रण असतं.

ही केवळ शंका नाही. २००८ मध्ये लॅटव्हिया या छोट्या देशातल्या डॉक्टरांनी २३ रुग्णांची हकीगत छापली. हे लोक मेथकॅथिनोन टोचून घेत होते. ते मेफेड्रोनचंच नात्यातलं द्रव्य, घरच्या घरी बनवलेलं. बनवताना पोटॅशियम परमँगनेट वापरलेलं होतं. आपण विहिरीत टाकतो ना, तेच जांभळं औषध. त्यातलं मँगनीज इंजेक्शनातून वर्षानुवर्षं मेंदूत साचत गेलं. पहिली काही वर्षं बहुतेकांना काही झालं नाही. सरासरी पाच-सहा वर्षांनी चाल बिघडली. २३ पैकी २३ जणांना मागे पाऊल टाकता येईना. अकरा जण रोज पडत होते. बहुतेकांचा आवाज क्षीण झाला. सोडल्यावरही ते फारसं सुधारलं नाही. आपल्याकडची एमडी वेगळ्या रीतीनं बनते, त्यामुळे हाच आजार इथं होईल असं मी म्हणणार नाही. मला त्या हकिगतीतली पाच-सहा वर्षं महत्त्वाची वाटतात. त्या काळात त्यातल्या प्रत्येकानं स्वतःला सांगितलं असेल, मला तर काही होत नाही.

केटामिनची गोष्ट मला याहून जास्त हलवते, कारण ते खरंखुरं, चांगलं औषध आहे. १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भूल देण्यासाठी ते आजही लागतं. जिथं भुलेची मोठी यंत्रं नाहीत, अशा खेड्यातल्या दवाखान्यात तर ते वरदान आहे, कारण त्यानं श्वास सहसा दबत नाही. तीस-पस्तीस वर्षं जगभरचे डॉक्टर ते वापरत होते. त्याचे गुण-दोष सगळ्यांना पाठ होते. मग तरुण मुलं नशेसाठी ते रोज ओढू लागली, आणि २००७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या डॉक्टरांनी ९ रुग्णांबद्दल लिहिलं. दर थोड्या वेळानं लघवीला जावं लागतं, आग होते, रक्त जातं. तपासलं तर मूत्राशयाला आतून सूज आणि जखमा. त्याच वर्षी हाँगकाँगहूनही अशीच नोंद आली. पुढे असेही रुग्ण दिसले, ज्यांचं मूत्राशय आकसून इतकं लहान झालं होतं की शस्त्रक्रिया करावी लागली.

इतकं ओळखीचं औषध, आणि हा दोष कुणालाच दिसला नव्हता. भूल देताना ते एकदा देतात. रोज घेतल्यावर काय होतं, हे दिसायला रोज घेणारी माणसं लागली. त्या माणसांनी आपल्या शरीरावर तो प्रयोग केला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं, त्यांची नोंदही आधी कुणी ठेवली नव्हती.

मग यात काहीच कळत नाही का? कळतं, पण सावकाश. नेदरलँड्समध्ये संशोधकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. अजून एक्स्टसी न घेतलेल्या, पण पुढं घेतील असं वाटणाऱ्या १८८ तरुणांची स्मरणशक्ती त्यांनी आधीच तपासून ठेवली आणि मग वाट पाहिली. त्यातल्या ५८ जणांनी पुढं सुरुवात केली, तीही बहुतेकांनी मोजक्याच गोळ्यांनी. पुन्हा तपासल्यावर शब्द लक्षात ठेवण्यात ती मुलं न घेणाऱ्यांपेक्षा थोडी मागे पडलेली दिसली. थोडीच, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेच्या आतच. दुसरीकडे २०११ मध्ये अमेरिकेत, दारू आणि इतर नशा जवळपास न करणारे एक्स्टसीवाले शोधून काढले, तेव्हा फरक फारसा दिसला नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. वाद चालू आहे.

आता त्या पोराच्या जागी मी स्वतःला ठेवतो. 'नीट'ला बसणारा मुलगा. १८० प्रश्न, एक-एका गुणावर शेकडो क्रमांक वरखाली. 'थोडा फरक' हा शब्द त्याच्यासाठी थोडा नाही. मी हे त्याला तेव्हा सांगू शकलो असतो. भोकांची गरज नव्हती.

एक मागणी मला इथून करायची आहे. आपल्याकडे नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. एमडी घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची एक वही ठेवायला हवी. वय काय, कधीपासून, किती, सोबत दारू-गुटखा काय, आज नाडी-रक्तदाब-झोप-स्मरण कसं आहे. नाव गुप्त. आणि दर वर्षी त्याला पुन्हा बोलवायचं, दहा वर्षं, वीस वर्षं. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेला, २०१९ मध्ये आलेला मोठा पाहणी अहवाल किती लोक कोणती नशा करतात हे सांगतो. त्याच माणसांचं पुढं काय झालं, हे सांगणारी वही वेगळी असते, आणि ती कुणीतरी आज उघडली तरच २०४५ मध्ये वाचता येईल. फली मेहतांची माणसं पायी गावोगाव गेली होती. आपल्याला तर रुग्ण दारात येतात.

येतात का पण? आई-बापाला वाटतं, दवाखान्यात नेलं की पोलीस केस होईल, पोराचं शिक्षण संपेल. म्हणून हे नीट ऐका. एनडीपीएस कायद्यातच कलम ६४-अ आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अगदी अल्प प्रमाणाचा मामला असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचाराला आला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. अट एवढीच की उपचार पूर्ण करायचा. हे कलम प्रत्येक वसतिगृहाच्या, प्रत्येक क्लासच्या फलकावर मराठीत लिहिलेलं मला बघायचंय.

तो विद्यार्थी पुढं भेटला. त्याला मी खरं काय ते सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, पण इतकं सलग नव्हे. तो बराच वेळ बाटल्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, मित्राला दवाखान्यात न्यायचं असेल तर तुम्ही सोबत याल का?" आम्ही तिघं गेलो. बाहेरच्या बाकावर तीन तास बसलो. डॉक्टरीणबाईंनी त्या मुलाला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "कधीपासून, बाळा?" त्यानं महिना सांगितला, वर्ष सांगितलं. त्या लिहून घेत होत्या.

तुमच्या घरात, खोलीवर, शेजारी असं कुणी असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक आहे १४४४६. फोन मोफत आहे. पेन शोधायला वेळ लागला असेल, म्हणून पुन्हा सांगतो. एक, चार, चार, चार, सहा.