रजेचा अर्ज

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि "आयटीतले अनुभव सांग" असं सुचवलं आहे. ते राहू दे. मी रजेच्या अर्जाबद्दल बोलणार आहे.

आठवतोय ना? मराठीच्या तासाला पत्रलेखनात असायचा. तारीख, 'माननीय वर्गशिक्षक यांस', विषय, आणि खाली 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी'. कारणं दोनच, ताप नाहीतर मोठ्या बहिणीचं लग्न. ज्यांना बहीणच नव्हती त्यांनीही तिचं लग्न दोन-दोनदा लावलं. बाईंनी कधी हरकत घेतली नाही. गुण मांडणीला होते!

20 सप्टेंबर 2019 च्या शुक्रवारी जगभरातल्या शाळकरी मुलांनी हवामान बदलाच्या प्रश्नावर संप पुकारला होता. वर्षभरापूर्वी स्वीडनमध्ये 15 वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून संसदेबाहेर फलक घेऊन बसली, निवडणूक होईपर्यंत रोज आणि मग दर शुक्रवारी. तिथून हे लोण पसरलं. आम्ही गोरेगावला राहतो, त्यामुळे आमच्याकडे हा विषय अगदी दाराशी होता. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायची की नाही, यावर सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा वाद चालायचे.

माझी लेक तेव्हा आठवीत. म्हणाली, "शुक्रवारी मी शाळेत जाणार नाही, संपाला जाणार." मी जे बोलले ते कुठलीही आई बोलेल. आधी शिक्षण घे, मोठी हो, मग काय ते कर. नंतर कळलं, ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसनही आदल्या वर्षी संसदेत असंच म्हणाले होते, की शाळांत शिक्षण जास्त आणि चळवळ कमी हवी. तिथल्या मुलांनी तरीही संप केलाच. माझ्या मुलीनेही ऐकलं नाही. शेवटी मी म्हटलं, जा बाई, आणि वहीत चिठ्ठी लिहून दिली, 'ताप असल्यामुळे आज हजर राहू शकत नाही.' पाचवीपासूनचा सराव होता, हात अडखळला नाही.

तिने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "आई, पुस्तकात लिहिलंय ते खोटं असेल तर आम्हाला शिकवतात कशाला? आणि खरं असेल तर मला ताप कशाला आणतेस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 साली सांगितलं. तेव्हा आपण सहावीत होतो. पुढे विषय आला, पुस्तकं आली, प्रकल्प आले. लेकीचा सहावीतला प्रदूषणाचा प्रकल्प मीच रात्री अकरा वाजता नेटवरून चित्रं छापून पुरा केला होता. त्याला 'अ' श्रेणी मिळाली. मलाच मिळाली म्हणा ना! आमच्या कामात प्रोग्राम धोक्याची सूचना देतो, आम्ही ती लॉगमध्ये नोंदवून ठेवतो आणि पुढे जातो. त्या प्रकल्पाच्या वहीचं मी तेच केलं होतं. मुलीने मात्र सूचना वाचली.

तिने माझं पान फाडलं आणि स्वतः अर्ज लिहिला. विषय : एक दिवसाची रजा. कारण : हवामान बदलाविरुद्धच्या संपात सहभाग. खाली 'आपली आज्ञाधारक' लिहून खोडलं होतं.

सोमवारी तिच्या वर्गशिक्षिकांचा फोन आला. मी बोलणी खायच्या तयारीने उचलला. त्या म्हणाल्या, "रजा मंजूर करता येत नाही, गैरहजेरी मांडली आहे. पण एवढ्या वर्षांत खरं कारण लिहिलेला अर्ज माझ्याकडे पहिल्यांदा आलाय. फाइलला लावू की घरी पाठवू?" मी घरी मागवला.

मग 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली. विरोध करणाऱ्या 29 जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला तोड थांबवायला सांगितलं. तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. लेक दोन दिवस धड जेवली नाही. तिला समजावायला म्हणून मी तेच पत्रलेखन पुन्हा काढलं, म्हटलं, बघ, एका पत्राने न्यायालय जागं झालं. ती म्हणाली, "उशिरा."

आता खरं सांगायचं तर 2024 पासून मी त्याच मेट्रोने ऑफिसला जाते. गाडी चांगली आहे, माझी कार घरी उभी असते. लेक यावर मला टोमणे मारते आणि स्वतःही तिनेच कॉलेजला जाते. हा हिशेब आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

तो अर्ज मी आज पर्समध्ये घालून आणला आहे. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. मांडणी बरोबर आहे, शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, समारोपाचा मायना खोडलेला आहे. पाचपैकी किती द्याल, ते जेवताना सांगा.